साकिगाके: अमोनियावर चाललेली टगबोट आणि ९५ टक्क्यांचा हिशेब

२३ ऑगस्ट २०२४ रोजी जपानमधल्या केइहिन डॉक या गोदीत एका टगबोटीचं रूपांतर पूर्ण झालं. बोट नवी नव्हती. ‘साकिगाके’ २०१५ साली द्रवरूप नैसर्गिक वायूवर, म्हणजे एलएनजीवर चालणारी जपानची पहिली टगबोट म्हणून पाण्यात उतरली होती. नऊ वर्षांनी तिची वायूवरची इंजिनं काढून त्या जागी अमोनिया जाळणारी इंजिनं बसवली गेली. पुढचे तीन महिने ती टोकियोच्या उपसागरात मोठ्या जहाजांना धक्क्याला लावण्याचं रोजचं काम करत राहिली. मार्च २०२५ मध्ये निकाल जाहीर झाला: हरितगृह वायूंचं उत्सर्जन कमाल सुमारे ९५ टक्क्यांनी घटलं.

हा आकडा फार मोठा आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. पण अमोनियाच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे दोघेही तो चुकीच्या जागी वापरतात, म्हणून हे एकच प्रकरण नीट उलगडून पाहायला हवं. साकिगाकेने इंजिनाचा प्रश्न बराचसा सोडवला. इंधनाचा प्रश्न तिच्या हातातच नव्हता, आणि तो अजून तसाच उभा आहे.

या कामात मुख्य तीन संस्था होत्या: एनवायके ही जहाज कंपनी, आयएचआय पॉवर सिस्टिम्स ही इंजिन बनवणारी कंपनी आणि क्लासएनके ही जहाजांची रचना आणि सुरक्षितता तपासून त्यांना दर्जा देणारी संस्था. त्यांचा संयुक्त संशोधनाचा करार ऑगस्ट २०२० चा. पुढे जपान सरकारच्या हरित नवोन्मेष निधीतून या कामाला पैसा मिळाला. बोट चालवणारी कंपनी शिन-निप्पॉन काइयोशा.

टगबोटच का?

वरवर पाहता टगबोट ही अमोनियासाठी सगळ्यात गैरसोयीची निवड आहे. बोट लहान, जागा कमी, आणि खलाशांची राहायची खोली इंजिनरूमपासून काही पावलांवर. अमोनिया विषारी आहे आणि जागाही जास्त खातो. एक किलो अमोनियातून १८.६ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर एक किलो डिझेलमधून जवळजवळ ४३. त्यात द्रव अमोनिया डिझेलपेक्षा हलका. त्यामुळे तेवढ्याच ऊर्जेसाठी सुमारे तिप्पट आकाराची टाकी लागते. शिवाय वायू गळती ओळखायची यंत्रणा, नायट्रोजनने नळ्या धुवून काढायची यंत्रणा, दुहेरी भिंतींच्या नळ्या, वेगळं वायुवीजन हे सगळं आलंच. नेहमीच्या टगबोटीच्या मापात हे मावेल का, अशी शंका आराखडा करणाऱ्यांनाही होती. बोटीचं माप न वाढवता मांडणी बसवता आली, आणि या प्रकल्पातलं हे पहिलं खरं यश. बातम्यांमध्ये त्याला फारशी जागा मिळाली नाही.

पण टगबोट निवडण्यामागचं सर्वांत भक्कम कारण आहे तिच्या इंजिनावर पडणारा भार. खोल समुद्रातलं मालवाहू जहाज दिवसच्या दिवस एकाच वेगाने चालतं, त्यामुळे त्याचं इंजिन एका ठरावीक बिंदूवर सुखाने फिरत राहतं. टगबोट तशी नाही. ती बराच वेळ वाट पाहत थांबते, सावकाश जहाजापाशी जाते, आणि मग जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटने हुकूम दिला की काही सेकंदांत पूर्ण ताकद लावते. लगेच सोडते, पुन्हा लावते. अमोनियासाठी हीच सर्वांत कठीण परीक्षा आहे. कारण अमोनिया कमी भारावर नीट जळत नाही आणि भार झटकन बदलला की बिथरतो. इथे जे इंजिन टिकेल ते इतरत्र टिकण्याची शक्यता बरीच वाढते.

दुसरं कारण साधं आहे. टगबोट रोज त्याच बंदरात परत येते. काही बिघडलं तर दुरुस्ती करणारे जवळ असतात. इंधन टँकर ट्रकने आणून भरता येतं. जुलै २०२४ मध्ये योकोहामा बंदराच्या होन्मोकु धक्क्यावर साकिगाकेत तसाच अमोनिया भरला गेला. महासागराच्या मधोमध नव्या इंधनाचा पहिला प्रयोग करण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

पेटवणं

अमोनियाच्या रेणूत एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन असतात. कार्बन नाही, म्हणून जळताना कार्बन डायऑक्साइड नाही. आदर्श ज्वलनात फक्त नायट्रोजन आणि पाणी उरतं. शुद्ध हायड्रोजन द्रवरूपात ठेवायला उणे २५३ अंश लागतात. अमोनिया उणे ३३ अंशांवर द्रव होतो, किंवा नेहमीच्या तापमानाला नऊएक पट वातावरणीय दाबाखाली. आणि द्रव हायड्रोजनपेक्षा एका लिटरात जास्त ऊर्जा मावते. कागदावर इतकं सोयीचं इंधन असूनही शंभर वर्षं कुणी ते इंजिनात सर्रास का वापरलं नाही? कारण ते पेटायला तयार नसतं.

डिझेल सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतं. अमोनियाला ६५० अंश लागतात. हवेत त्याचं प्रमाण साधारण १५ ते २८ टक्क्यांच्या मध्ये असेल तरच ज्योत धरते. धरली तरी ती सेकंदाला सात सेंटीमीटरच्या आसपास सरकते, तर मिथेनची ज्योत त्याच्या पाचपट वेगाने पुढे जाते. त्यात द्रव अमोनियाचं बाष्पीभवन होताना तो प्रचंड उष्णता शोषतो, त्यामुळे सिलिंडरमध्ये तो थेट फवारला तर पेटायच्या क्षणीच आतलं तापमान खाली येतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत केवळ दाबाच्या उष्णतेवर शुद्ध अमोनिया पेटवण्याचे प्रयत्न झाले. तेव्हा दाबाचं गुणोत्तर, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पटीने दाबली जाते तो आकडा, ३५ च्या घरात न्यावं लागलं. डिझेल इंजिनात ते १५ ते २० असतं.

म्हणून मदतनीस इंधन लागतं. ओलं लाकूड पेटवायला खाली कोरड्या काटक्या लागतात, तसं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या सुमारास, बेल्जियममध्ये डिझेल मिळेनासं झालं, तेव्हा काही बस अमोनियावर चालवल्या गेल्या. तिथे मदतीला दगडी कोळशापासूनचा वायू होता, ज्यात हायड्रोजन भरपूर असतो. त्या बस हजारो मैल धावल्या, आणि युद्ध संपल्यावर डिझेल परत आलं तशा बंदही झाल्या. त्या अनुभवाचा लेखाजोखा १९४५ साली एमेरिक क्रॉक यांनी छापला. इंजिनात अमोनिया चालतो हे तेव्हाच ठरलं होतं. स्वच्छ चालतो का, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

साकिगाकेत काटक्यांचं काम डिझेल जातीचं तेल करतं. सिलिंडरमध्ये त्याची छोटी फवारणी होते, ती आधी पेटते, आणि तिच्या ज्वाळा सभोवतालच्या अमोनियाला पेटवतात. २८एडीडी हे तिचं चार-स्ट्रोकचं इंजिन आधी जमिनीवर, गुन्मा प्रांतातल्या ओता इथल्या कारखान्यात तपासलं गेलं. मे २०२३ मध्ये तिथे ८० टक्के ऊर्जा अमोनियापासून मिळवत ज्वलन स्थिर ठेवता आलं. समुद्रावर हे प्रमाण त्याच्याही पुढे गेलं.

एक गोष्ट इथे अनेकांना चकवते. अमोनियात ऊर्जा कमी, म्हणजे इंजिनाची ताकदही कमी होणार असं वाटतं. तसं होत नाही. एक किलो अमोनिया जाळायला फक्त सहा किलो हवा लागते, एक किलो डिझेलला साडेचौदा. सिलिंडरमध्ये मावणारी हवा तर ठरलेली असते. त्या हवेच्या प्रत्येक किलोमागे अमोनिया साधारण ३.१ मेगाज्यूल देतो आणि डिझेल २.९. म्हणजे नीट जाळता आला तर ताकद हाती राहते. किंमत मोजावी लागते ती टाकीच्या आकारात.

धुराड्यातले तीन वायू

साकिगाकेचा निकाल कशामुळे मोलाचा आहे ते इथे कळतं, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

कार्बन नाही म्हणजे प्रदूषण नाही, असं नसतं. अमोनिया जाळणाऱ्या इंजिनातून तीन नको असलेले वायू निघू शकतात. पहिला, न जळलेला अमोनिया. पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधल्या फटींत मिश्रण अडकतं, तिथे ज्योत पोहोचत नाही, आणि नंतर ते तसंच बाहेर पडतं. चार-स्ट्रोक इंजिनात त्यातला काही भाग खाली क्रँककेसमध्येही, म्हणजे सिलिंडरखालच्या वंगण तेल असलेल्या पेटीतही, उतरतो आणि वंगण तेलात मिसळतो. दुसरा, नायट्रोजनची ऑक्साइडं. श्वसनाला घातक, पण डिझेल इंजिनवाल्यांच्या ओळखीची. तिसरा, नायट्रस ऑक्साइड. हा रंगहीन, जवळजवळ गंधहीन वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापमानवाढ करतो.

हा २७३ चा गुणक इंजिनाचं भवितव्य ठरवतो. हिशेब सोपा आहे. एक मेगाज्यूल ऊर्जेसाठी डिझेल जाळलं तर ७५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याच ऊर्जेसाठी जवळजवळ ५४ ग्रॅम अमोनिया लागतो. आता ७५ ला २७३ ने भागा: ०.२७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ५४ ग्रॅम अमोनिया जाळताना पाव ग्रॅमपेक्षा किंचित जास्त नायट्रस ऑक्साइड निघाला, की डिझेल सोडून काही मिळवलं नाही. अमोनियातल्या नायट्रोजनच्या दर हजार अणूंपैकी फक्त चार अणू चुकीच्या वाटेने गेले तरी सगळी बचत शून्य. आणि ही बचत फक्त एक टक्क्याने घटावी यासाठी लाखात चार पुरेत.

इतक्या बारीक फरकावर टिकून राहायचं असेल, तर नायट्रस ऑक्साइड कुठे तयार होतो ते माहीत असावं लागतं. ज्वाळेच्या ऐन गाभ्यात, जिथे तापमान खूप असतं, तिथे तो झाला तरी लगेच विघटन पावतो. तो शिल्लक राहतो तुलनेने थंड भागात: भिंतीजवळ, फटींतून उशिरा बाहेर आलेल्या अमोनियाच्या अर्धवट ज्वलनात, पिस्टन खाली जाताना गार होत चाललेल्या वायूत. इंजिन कमी भारावर चालत असलं की असे थंड भाग वाढतात. टगबोट आपला बराच वेळ घालवते ती नेमक्या त्याच स्थितीत.

या तीन वायूंत ओढाताण आहे. ज्वलन गरम ठेवलं तर नायट्रस ऑक्साइड आणि न जळलेला अमोनिया घटतात, पण नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात. थंड ठेवलं तर उलट. माझ्या मते इथला शहाणा सौदा उघड आहे: गरम जाळा, आणि वाढलेली नायट्रोजन ऑक्साइडं धुराड्याच्या वाटेवर उत्प्रेरकात पकडा. या उत्प्रेरक यंत्रणेला अभिक्रियेसाठी अमोनियाच लागतो. डिझेल जहाजांना त्यासाठी युरियाचं द्रावण वेगळं बाळगावं लागतं, इथे तो जिन्नस टाकीत आधीच आहे. थोडासा न जळलेला अमोनियाही तिथेच कामी येतो. नायट्रस ऑक्साइडसाठी मात्र असं हाताशी असलेलं औषध नाही, म्हणून तो सिलिंडरमध्येच रोखणं श्रेयस्कर.

आता ९५ टक्क्यांच्या आकड्याकडे पुन्हा पाहा. पेटवायच्या तेलाचा वाटा ऊर्जेत पाच टक्के धरला, तर त्याचा कार्बन डायऑक्साइड तेवढाच पाच टक्के उरतो. घट ९५ टक्के आहे याचा अर्थ नायट्रस ऑक्साइडसाठी हिशेबात जागाच उरत नाही. तो जवळजवळ शून्यावर ठेवला गेला असल्याशिवाय हा आकडा येऊच शकत नाही. जमिनीवरच्या चाचणीतही नायट्रस ऑक्साइड आणि न जळलेला अमोनिया जवळजवळ शून्य असल्याचं कंपनीने सांगितलं होतं, पण समुद्रावर, लाटांत, भार सतत बदलत असताना ते साधणं ही वेगळी गोष्ट. या क्षेत्रातल्या अभियंत्यांनी पाच वर्षांपूर्वी जी सर्वांत मोठी भीती बोलून दाखवली होती ती इथे बरीच मागे पडली. हे मी मनापासून मोठं यश मानतो.

तरीही एक शब्द ठसठसतो: ‘कमाल’. कमाल आकडा म्हणजे चांगल्या भारावरचा, स्थिर स्थितीतला उत्तम क्षण. टगबोटीच्या बाबतीत विचारायला हवा तो दिवसभराचा सरासरी आकडा, ज्यात इंजिन सुरू होणं, वाट पाहत सुस्त फिरणं, अचानक ताकद लावणं आणि बंद होणं हे सगळं मिसळलेलं असेल. अशी इंजिनं सामान्यतः तेलावर सुरू होतात, मग हळूहळू अमोनियाकडे वळवली जातात, आणि बंद करण्याआधी नळ्यांमधला अमोनिया नायट्रोजनने बाहेर काढला जातो. दिवसात अनेक वेळा सुरू-बंद होणाऱ्या बोटीत ही संक्रमणं क्षुल्लक नसतात. पुढच्या प्रत्येक अमोनिया जहाजाने हा कामाच्या चक्रावरचा आकडा जाहीर करावा, अशी अपेक्षा ठेवण्यात काही वावगं नाही.

विष

अमोनियाचा वास पाच पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत पाच भागांच्या, आसपासच लागतो. आठ तासांच्या कामासाठी नेहमीची मर्यादा २५ पीपीएम. ३०० पीपीएमला जिवाला तात्काळ धोका मानला जातो, आणि काही हजार पीपीएममध्ये माणूस मिनिटांत दगावू शकतो. वास लवकर येतो हे वरदान आहे. पण चिंचोळ्या इंजिनरूममध्ये वास आल्यापासून धोक्यापर्यंतचं अंतर फार नसतं.

वायुरूप अमोनिया हवेपेक्षा हलका, म्हणून तो वर उडून जाईल असं समजणं घातक आहे. दाबाखालचा किंवा थंड द्रव सांडला की त्याचे बारीक थेंब आणि हवेतली वाफ मिळून जड धुकं होतं आणि ते जमिनीलगत पसरतं. पाण्याची फवारणी त्याला पकडते, कारण तो पाण्यात विलक्षण विरघळतो. पण मग ते पाणी समुद्रात सोडता येत नाही, कारण माशांसाठी अमोनिया अत्यंत विषारी आहे. म्हणून ते साठवायलाही टाकी हवी. तांबं, पितळ आणि जस्ताचे मिश्रधातू अमोनिया खातो, त्यामुळे जहाजावरची असंख्य छोटी पितळी जोडणी बदलावी लागते. पोलादालाही ताणाखाली तडे जाऊ शकतात. ते टाळायला अमोनियात थोडंसं, ०.२ टक्के, पाणी मिसळतात. खतांच्या धंद्याने हे सगळं अनेक दशकांत शिकून घेतलंय. जगभर शंभराहून जास्त बंदरांत अमोनियाची चढउतार होते आणि दर वर्षी दोनेक कोटी टन अमोनिया समुद्रावरून फिरतो.

मात्र माल म्हणून टाकीत बंद असलेला अमोनिया आणि इंधन म्हणून माणसं फिरतात त्या इंजिनरूममधून सतत वाहणारा अमोनिया, यात मोठा फरक आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने अमोनिया इंधन असलेल्या जहाजांसाठीची अंतरिम सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वं डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर केली, म्हणजे साकिगाके कामाला लागल्यानंतर. तोवर आंतरराष्ट्रीय नियम नव्हते, आणि धोक्यांचं विश्लेषण करत, क्लासएनकेच्या बरोबरीने, प्रत्येक नळी आणि प्रत्येक व्हॉल्व्हबद्दल स्वतंत्र निर्णय घ्यावा लागला. या बोटीने नियम लिहिणाऱ्यांना जो अनुभव दिला तो तिच्या इंजिनाइतकाच मोलाचा आहे.

त्याच वर्षी सिंगापूरमध्येही असाच प्रयोग झाला. फोर्टेस्क्यू कंपनीच्या ‘ग्रीन पायोनियर’ या जहाजात जुराँग बेटावरच्या टर्मिनलवरून तीन टन द्रव अमोनिया भरून डिझेलबरोबर तो जाळला गेला. तिथला भर इंधन भरण्याच्या सुरक्षिततेवर होता. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत अमोजी कंपनीने १९५७ सालची एक टगबोट हडसन नदीच्या उपनदीत चालवली, पण तिथे अमोनिया जाळला गेला नाही. तो फोडून हायड्रोजन काढला गेला आणि इंधन घटात, म्हणजे न जाळता थेट वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमध्ये, वापरला गेला. रोजची व्यावसायिक कामं करत तीन महिने भार सोसणारं ज्वलन इंजिन हे साकिगाकेचं वेगळेपण.

अमोनिया आला कुठून?

९५ टक्क्यांचा आकडा जहाजावरचा आहे. टाकीत अमोनिया येईपर्यंत काय झालं, ते त्यात धरलेलं नाही. आणि खरा प्रश्न तिथेच दडलाय.

जगात वर्षाला सुमारे १८ कोटी टन अमोनिया बनतो. त्यातला जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये दाखवलेली आणि कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये ओप्पाऊच्या कारखान्यात उभी केलेली प्रक्रिया आजही मुळात तीच आहे: हवेतला नायट्रोजन, आणि कुठून तरी मिळवलेला हायड्रोजन. हा हायड्रोजन खनिज इंधनातून काढताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. जागतिक सरासरी एक टन अमोनियामागे साधारण २.४ टन.

ते ऊर्जेच्या मापात मांडा. एक टन अमोनियात १८.६ गिगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे दर मेगाज्यूलमागे सुमारे १२९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, आणि तोही इंधन जाळण्याआधीच, कारखान्यात. डिझेल जाळल्यावर ७५ ग्रॅम निघतो, आणि त्याचं उत्खनन, शुद्धीकरण, वाहतूक धरली तरी आकडा ९० च्या आसपास राहतो. म्हणजे आज बाजारात सहज मिळणारा अमोनिया कितीही उत्तम इंजिनात जाळला, तरी वातावरणासाठी तो डिझेलपेक्षा वाईट. नैसर्गिक वायूवरचा चांगला कारखाना टनामागे १.८ टनांवर येतो, तेव्हाही मेगाज्यूलमागे ९७ ग्रॅम होतात. जमाखर्च तोट्यातच.

साकिगाकेला अमोनिया पुरवला तो रेझोनॅक या कंपनीने. तिच्या कावासाकीच्या कारखान्यात टाकाऊ प्लास्टिकचं वायूकरण करून हायड्रोजन मिळवला जातो आणि त्यापासून अमोनिया बनतो. कचऱ्याचा हा उपयोग चांगला आहे. प्रयोगासाठी जवळचा, भरवशाचा पुरवठादार हवा होता, आणि तो होता. पण प्लास्टिकातला कार्बन शेवटी खनिज तेलातूनच आलेला असतो, आणि हायड्रोजन काढताना तो कुठेतरी बाहेर पडतोच. जहाजांना लागणारं प्रचंड इंधन या वाटेने कधीच मिळणार नाही. त्यासाठी दोनच वाटा उरतात: वारा-सूर्याच्या विजेने पाणी फोडून मिळवलेला हायड्रोजन, किंवा नैसर्गिक वायूपासून बनवताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली पुरणं. दुसऱ्या वाटेत वायूची गळती किती होते आणि पकडण्याचं प्रमाण खरंच किती असतं, यावर सगळं अवलंबून आहे. त्यामुळे मोजमाप न दाखवता त्या अमोनियाला स्वच्छ म्हणणं मला मान्य नाही.

पहिल्या वाटेची किंमत विजेत आहे. एक टन अमोनिया विजेपासून बनवायला साधारण दहा मेगावॉट-तास वीज लागते. तो जाळल्यावर इंजिनाच्या दांड्यावर जेमतेम सव्वादोन मेगावॉट-तास मिळतात. चार भाग वीज घालून एक भाग काम. म्हणून मला वाटतं, टगबोट ही अमोनियाची उत्तम प्रयोगशाळा होती, पण ती त्याची बाजारपेठ होऊ नये. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड बंदरात २०२२ पासून ‘स्पार्की’ नावाची पूर्ण विजेवरची टगबोट काम करते. तिची ओढण्याची ताकद ७० टन, बॅटरी २,७८४ किलोवॉट-तासांची. रोज त्याच धक्क्यावर परतणाऱ्या बोटीला धक्क्यावरची वीज थेट देता येते, आणि त्या विजेतला बहुतेक भाग कामी येतो. विषारी इंधन शहराजवळच्या बंदरात रोज भरण्याची गरजच उरत नाही. जिथे बॅटरी पुरते तिथे अमोनिया नेणं हा विजेचा अपव्यय आहे.

बॅटरी पुरत नाही ते महासागर ओलांडणाऱ्या जहाजांना, आणि साकिगाकेवरून शिकलेलं तिथेच पोहोचायला हवं. एनवायके आणि तिच्या सहकाऱ्यांनी ४०,००० घनमीटर क्षमतेचं, अमोनियाच वाहून नेणारं आणि अमोनियावरच चालणारं जहाज हाती घेतलंय. त्याची सुपूर्दगी नोव्हेंबर २०२६ मध्ये ठरलेली आहे. त्याचं मुख्य इंजिन सावकाश फिरणारं दोन-स्ट्रोकचं असेल. हे इंजिन टगबोटीच्या इंजिनापेक्षा काही बाबतीत सोपं आहे: भार स्थिर राहतो, प्रत्येक ज्वलनाला वेळ जास्त मिळतो, आणि पिस्टनच्या दांड्याभोवतीचं आवरण क्रँककेसला सिलिंडरपासून वेगळं ठेवतं, त्यामुळे वंगण तेलात अमोनिया उतरण्याचा प्रश्न बराच सौम्य होतो. वाहून नेणारा माल हेच इंधन असल्यामुळे चालकदलालाही तो नवा नसतो.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जुलै २०२३ मध्ये २०५० च्या आसपास निव्वळ शून्य उत्सर्जनाचं ध्येय स्वीकारलं, पण ते अमलात आणायला उत्सर्जनावर शुल्क लावणारी जी चौकट मांडली गेली, तिच्यावरचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभर पुढे ढकलला गेला. तोवर जहाज मालकाला महाग, खऱ्या अर्थाने स्वच्छ अमोनिया घेण्यासाठी आर्थिक कारण कमी आहे, आणि स्वस्त, खनिज वायूपासूनचा अमोनिया भरून धुराड्यावर ९५ टक्के घट दाखवायला मात्र तांत्रिक अडचण काहीच नाही. ते नवं जहाज समुद्रात उतरेल तेव्हा जाहीर होणाऱ्या आकड्यांत तीन गोष्टी शोधाव्या लागतील: कामाच्या पूर्ण चक्रावरचा नायट्रस ऑक्साइड, पेटवण्याच्या तेलाचा वाटा, आणि टाकीत भरलेल्या प्रत्येक टनाच्या मागे कारखान्यात किती कार्बन डायऑक्साइड सुटला त्याचा दाखला.